संकेश्वरहून तीन दिवस: समुद्र, जुनी ठिकाणे आणि माळकरी सासूबाईंचे जेवण

संकेश्वरची सून

नमस्कार. येत्या २६ जानेवारीला जोडून शनिवार ते सोमवार अशी तीन दिवसांची सुट्टी मिळत आहे आणि आम्हाला संकेश्वरहून समुद्राकडे जायचे आहे. आम्ही पाच जण आहोत: यजमान, मी, ११ आणि ८ वर्षांची दोन मुले आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. मुलांना वाळू आणि लाटा हव्या आहेत, यजमानांना ताजे मासे हवे आहेत आणि मला जुन्या इमारती, किल्ले आणि देवळे पाहण्याची आवड आहे. सासूबाई माळकरी आहेत, त्यामुळे त्यांना मासळीचा वासही चालत नाही असे नाही, पण त्यांच्या ताटात तिचा अंशसुद्धा येता कामा नये. त्यांचे गुडघेही दुखतात.

मागच्या वर्षी एका प्रवासी मध्यस्थाने आखून दिलेल्या सहलीत आम्ही तीन दिवसांत सात ठिकाणे 'केली', आणि घरी आल्यावर धाकट्याला विचारले की काय आवडले, तर तो म्हणाला, गाडीतला पंखा. समुद्र आम्ही बहुतेक खिडकीतूनच पाहिला. तो प्रकार पुन्हा नको आहे.

आमच्यासमोर तीन पर्याय आहेत: कारवार-गोकर्ण, गोवा किंवा मालवण-वेंगुर्ल्याची बाजू. यांपैकी कोणता निवडावा, मुक्काम किती ठिकाणी करावा आणि सासूबाईंच्या जेवणाची सोय कशी करावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

घाटवाट (टिळकवाडी, बेळगाव)

ताई, तुम्ही संकेश्वरला राहता हे वाचल्यावर माझ्या दृष्टीने उत्तर निम्मे झाले. तुमच्या गावावरून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. तेव्हा गडहिंग्लज आणि आजऱ्यावरून आंबोलीला जाऊन तिथून सावंतवाडीला उतरावे. मुलांना सांगावे की आज आपण आपल्या नदीच्या उगमाकडे जात आहोत, आणि तिथे पोहोचल्यावर सरळ समुद्राकडे उतरणार आहोत. नदी पूर्वेला जाऊन घटप्रभेला मिळते आणि आपण पश्चिमेला उतरतो, एवढ्या एका गोष्टीत घाटमाथा म्हणजे काय ते मुलांना कळते. पुस्तकातल्या नकाशावरून ते कळत नाही, हे मी ३० वर्षे भूगोल शिकवून सांगतो आहे.

उगमापाशी गुहेतून पाणी येते आणि तिथे महादेवाचे देऊळ आहे. त्या पाण्यात सापडलेल्या एका छोट्या माशाला २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी या नदीचेच नाव दिले आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. यजमानांना एवढेच सांगावे की हा मासा पाहायचा आहे, खायचे मासे घाटाखाली आहेत.

आता वारशाविषयी. आपल्या भागातली माणसे वारसा म्हटले की किल्ल्याचा बुरूज शोधतात. माझे मत असे आहे की तुम्ही ज्या रस्त्याने उतरणार आहात, तो व्यापाराचा उतार हाच या सहलीतला सर्वांत मोठा वारसा आहे. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचे बंदर वेंगुर्ला होते. इथल्या छावणीला लागणारे सामान वेंगुर्ल्याला जहाजातून उतरत असे आणि घाट चढून वर येत असे. आपल्याकडचा कापूस, गूळ, धान्य आणि मिरची खाली जात असे, आणि खालून मीठ, नारळ, आमसुले आणि सुकी मासळी वर येत असे. १८८०च्या दशकाच्या अखेरीस लोंढ्यावरून मार्मागोव्यापर्यंत रेल्वे गेली आणि वेंगुर्ल्याचा तो माल हळूहळू तिकडे वळला. आज वेंगुर्ला शांत, जरासे पेंगुळलेले गाव वाटते, त्यामागे हे कारण आहे. ते माहीत असले की बंदरावरच्या जुन्या वखारींकडे पाहण्याची नजर बदलते.

म्हणून माझा सल्ला असा आहे की दोन्ही रात्री एकाच ठिकाणी, वेंगुर्ला ते शिरोडा या टापूत काढाव्यात आणि तिथून फिरावे. पहिल्या दिवशी आंबोलीनंतर सावंतवाडीत थांबावे. आंबोली ते सावंतवाडी हा घाट सुमारे ३० किलोमीटरचा आहे, आणि घाट उतरल्यावर मोती तलावाकाठी सर्वांनाच पाय मोकळे करावेसे वाटतात. तलावासमोरच्या राजवाड्यात गंजिफांचे काम पाहावयास मिळते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने असे १२० गोल पत्त्यांचे जोड असतात. त्यावर चित्र हाताने रंगवलेले असते आणि वर लाखेचा थर असतो. मुलांना मत्स्यापासून कल्कीपर्यंत अवतार ओळखायला लावावेत, सासूबाई त्यात सर्वांना हरवतील. लाकडी खेळणी चितारआळीत मिळतात. तिथे घाई करू नये आणि रंगीत फळांची परडी न घेता बाहेर पडू नये.

वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातली डचांची वखार आहे. गोव्यातल्या पोर्तुगिजांची कोंडी करण्यासाठी डचांना या किनाऱ्यावर पाय रोवायचे होते, त्यातून ती उभी राहिली. आज ती पडकी आहे, भिंतींवर झाडे वाढली आहेत आणि आत जाणे धोक्याचे आहे. ती बाहेरूनच पाहावी. तिच्यासाठी अर्धा तास पुरे आहे.

खानापूरकर

घाटवाट सरांशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण सासूबाई आहेत. वयस्कर आणि शाकाहारी माणूस बरोबर असेल तर गोकर्णासारखे गाव नाही. महाबळेश्वराचे दर्शन होते, देवळाच्या परिसरातच शुद्ध शाकाहारी खानावळी आहेत, आणि मुलांना समुद्र देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळतो. कुडले आणि ओम किनारे थोडे पुढे आहेत, पण सासूबाईंनी तिकडे जाण्याची गरज नाही. परतताना कुमट्याच्या अलीकडे अघनाशिनीच्या काठचा मिर्जानचा किल्ला पाहता येतो. जांभ्या दगडाचा हा किल्ला हिरव्या शेवाळाने मढलेला असतो, आणि तो गेरुसोप्प्याच्या राणी चेन्नभैरादेवीशी जोडला जातो. पोर्तुगीज तिला मिरीची राणी म्हणत असत. ताईंना जुन्या वास्तूंची आवड आहे, त्यांना तो निश्चित आवडेल. कारवारला काळी नदीच्या मुखावर सदाशिवगड आहे आणि रवींद्रनाथ टागोरांच्या नावाचा किनाराही आहे.

आमच्या खानापूरकडून लोंढा, रामनगर, जोयडा आणि अणशी घाट असे जावे लागते. रस्ता जंगलातून जातो आणि सुंदर आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर संकेश्वरहून हे अंतर फार होते. तीन दिवसांपैकी दोन दिवसांचा मोठा भाग प्रवासात जाईल, हे मलाही मान्य करावे लागते. चार दिवस मिळत असतील तर माझा सल्ला धरावा.

गोव्याबद्दल एवढेच सांगतो की प्रजासत्ताक दिनाच्या जोडसुट्टीत चोर्ला घाटात आपल्या बेळगावच्या निम्म्या गाड्या असतात. जुन्या गोव्यातली चर्चे पाहण्यासारखी आहेत, पण एखाद्या साध्या मंगळवारी.

निपाणीकर

आम्ही निपाणीची माणसे राधानगरी आणि फोंडा घाटाने देवगडला उतरतो आणि विजयदुर्ग पाहून येतो. ताईंना संकेश्वरहून ते आडवळणाचे होईल, म्हणून आग्रह करत नाही. फक्त एक सूचना करतो. ज्या घाटाने उतरणार आहात तो सकाळीच उतरावा. आंबोलीत जानेवारीतही पहाटे दाट धुके असते, तेव्हा सूर्य वर आल्यावर घाटाला लागावे आणि परतीला अंधार होण्यापूर्वी वर यावे.

संकेश्वरची सून

सर्वांचे मनापासून आभार. खानापूरकरांचा सल्ला सासूबाईंना वाचून दाखवला. गोकर्णाचे नाव ऐकून त्यांचा चेहरा खुलला, पण त्या स्वतःच म्हणाल्या की गोकर्ण धावतपळत करायचे क्षेत्र नव्हे, श्रावणात सावकाश जाऊ. त्यामुळे आता वेंगुर्ल्याची बाजू नक्की झाली आहे. दोन शंका उरल्या आहेत. त्या भागात माळकरी माणसाला तीन दिवस नीट जेवण मिळेल का, की मी पिठले-भाकरीची तयारी बरोबर घेऊन जावी? आणि सिंधुदुर्ग किल्ला पाहिल्याशिवाय परत येणे यजमानांना मान्य नाही, तर त्याचे काय करावे?

शिरोड्याची माहेरवाशीण (शहापूर, बेळगाव)

ताई, पिठाचा डबा घरीच ठेवावा. माझे माहेर शिरोड्याचे आहे आणि लग्न होऊन बेळगावच्या शहापुरात आले त्याला २२ वर्षे झाली. घाटावरची माणसे आमच्याकडे येतात, सुरमईचे ताट मागवतात आणि कोकणी जेवण समजले असे मानून परत जातात, याचे मला नेहमी वाईट वाटते. कोकणच्या घरातला निम्मा स्वयंपाक शाकाहारी असतो. सोमवारी तर अनेक घरांत मासळी शिजतच नाही, आणि तुमचा तिसरा दिवस सोमवारच आहे.

सासूबाईंसाठी काय सांगावे ते लिहिते. सकाळी घावणे आणि नारळाची चटणी, किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचे सांबार. या सांबाराला भाजलेल्या कांद्याखोबऱ्याचे वाटण असते, तेव्हा त्या कांदालसूण खात नसतील तर आधी सांगावे. एकदा शिरवाळ्या करायला सांगाव्यात. तांदळाच्या उकडीच्या या शेवया गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातात, आणि त्या करण्यास वेळ लागत असल्याने आदल्या दिवशी सांगावे लागते. दुपारी उकड्या तांदळाचा भात, वालीची किंवा केळफुलाची भाजी, काजूची उसळ आणि सोलकढी. ओले काजू जानेवारीअखेर नुकते सुरू होत असतात, मिळाले तर नशीब, नाहीतर सुक्या काजूची उसळही चांगली होते. रात्री गुडघ्यांना आणि पोटाला विश्रांती म्हणून उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे. आमची आजी ९० वर्षे जगली ती पेजेवर, असे घरात म्हणतात. खरे म्हणजे ती बांगडाही सोडत नसे.

आता सावध राहण्याची गोष्ट. आमच्याकडे पालेभाजीत किंवा वांग्यात चवीला सुका जवळा म्हणजे बारीक वाळवलेली कोळंबी घालण्याची रीत आहे, आणि कित्येकांना ती भाजी त्यामुळे मांसाहारी झाली असे वाटतच नाही. त्यामुळे केवळ 'शाकाहारी हवे' असे सांगून भागत नाही. 'सासूबाई माळकरी आहेत, जवळासुद्धा नको, आणि तव्यावर आधी मासे तळलेले नसावेत' असे स्पष्ट सांगावे. माळकरी हा शब्द उच्चारला की आमच्याकडची बाई वेगळा तवा काढते, वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मोठ्या हॉटेलात हे होणार नाही, म्हणून घरगुती निवास घ्यावा आणि निघण्यापूर्वी दूरध्वनीवर हे सर्व बोलून घ्यावे.

यजमानांसाठी एवढेच सांगते की त्यांनी सुरमईचा हट्ट धरू नये. त्या दिवशी जे आले असेल ते खावे. बांगड्याचे तिखले करायला सांगावे, त्यात तिरफळ असते. तिरफळ चावू नये, नाहीतर जीभ काही वेळ बधिर होते. मुलांना हे आधी सांगितले तर ती मुद्दाम चावतील, तेव्हा निर्णय तुमचा. तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, मिळाल्या तर त्यांचे सुके करून घ्यावे. कोंबडी-वडे हा पदार्थ सर्वांना माहीत आहे, मात्र त्यातले वडे नुसतेही खाण्यासारखे असतात. तांदूळ, उडीद, हरभरा डाळ, धणे आणि मेथी भाजून दळलेल्या पिठाचे ते असतात. सासूबाईंना ते काळ्या वाटाण्याबरोबर द्यावेत, पण तळणीचे तेल वेगळे आहे ना, ते विचारून.

किनाऱ्याविषयी. शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर सुरूची झाडे आहेत, त्यांच्या सावलीत सासूबाईंना खुर्ची टाकून निवांत बसता येते. सकाळी लवकर गेल्यास रापण ओढताना दिसते. समुद्रात अर्धगोल टाकलेले लांबच लांब जाळे दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढतात. मुलांनी दोराला हात लावला तर कोणी रागावत नाही. मोचेमाडला खाडी समुद्राला मिळते, तिथे मात्र मुलांना पाण्यात सोडू नये. खाडीच्या मुखाशी ओढ असते आणि वरून पाणी शांत दिसते.

शिरोड्याला लागूनच आरवली आहे. तिथल्या वेतोबाची मूर्ती माणसाच्या रूपात उभी आणि पुरुषभर उंचीहून मोठी आहे, आणि नवस फेडताना त्याला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. तुमच्या धाकट्याला पंख्यापेक्षा हे जास्त आठवेल. याच दिवसांत गावोगाव जत्रा आणि दशावतारी नाटके असतात. घरमालकांना विचारावे, जवळपास कुठे असेल तर रात्री मुलांना अवश्य न्यावे. नाटक मध्यरात्रीनंतर रंगते, ती झोपली तरी हरकत नाही.

शिरोड्याची मिठागरे पाहावीत. १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला होता. पांढऱ्या राशी खऱ्या अर्थाने उन्हाळ्यात दिसतात, पण मिठाचे वाफे आणि त्यांत पाणी खेळवण्याची रीत जानेवारीतही समजावून घेता येते. घाटवाट सर ज्या मिठाविषयी बोलत आहेत ते या बाजूचे.

घाटवाट (टिळकवाडी, बेळगाव)

माहेरवाशीण ताईंनी माझी चूक नकळत दाखवून दिली. मी मिठाचा व्यापार सांगितला आणि मिठागर सांगायचे विसरलो.

सिंधुदुर्गाविषयी. रविवारचा पूर्ण दिवस मालवणला द्यावा, आणि दुसरे काहीही त्या दिवशी ठरवू नये. महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याची मुहूर्तमेढ रोवली आणि सुमारे तीन वर्षांत काम पूर्ण झाले. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यांत हा आहे. त्यामुळे जोडसुट्टीत गर्दी वाढलेली असणार. मालवणच्या धक्क्यावरून होडीने जावे लागते, म्हणून पहिल्या काही होड्यांपैकी एक गाठावी.

होडी किल्ल्याजवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, हे मुलांना आधी सांगू नये. तट दिसतो, बुरूज दिसतात, आणि आत जायचे कुठून ते समजत नाही. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या आड वळलेली वाट उघडते. सतराव्या शतकात शत्रूच्या जहाजावरच्या माणसाची जी अडचण झाली असेल, ती अकरा वर्षांच्या मुलाला पाच मिनिटांत कळते. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे, आणि दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारही बाजूंनी खारे पाणी असताना विहिरीला गोडे पाणी कसे, हा प्रश्न मुलांना पडू द्यावा आणि लगेच उत्तर देऊ नये.

सासूबाईंनी किल्ल्यात जावे की नाही, हा प्रश्न त्यांच्यावरच सोपवावा. होडीत चढणे-उतरणे हेच सर्वांत अवघड आहे, कारण होडी हलत असते. आत शिवराजेश्वराच्या मंदिरापर्यंत सपाट वाट आहे, पण तटावर चढण्याचा हट्ट नको. माझ्या आईने ७५व्या वर्षी हा किल्ला पाहिला होता. तिला होडीत घेताना दोन्ही बाजूंनी दोन खलाशी उभे राहिले, आणि तिने पलीकडे उतरल्यावर दोघांनाही पिशवीतले लाडू दिले.

शेवटची गोष्ट. मालवणी मसाल्यात रंगाला बेडगी आणि तिखटपणाला तुमच्या संकेश्वरची मिरची घालतात. वेंगुर्ल्याच्या बाजारात तुम्हाला तुमच्याच गावाचे नाव घेऊन मिरची विकणारा भेटेल. तुम्ही ज्या घरी उतरणार आहात त्यांच्यासाठी दोन किलो नवी मिरची घेऊन जावी. जानेवारीत ती बाजारात असतेच. परत येताना कोकमाचे आगळ आणि जाडे मीठ आणावे.

शिरोड्याची माहेरवाशीण (शहापूर, बेळगाव)

आगळ प्लास्टिकच्या बाटलीत न आणता काचेच्या बाटलीत आणावे, आणि घाट चढताना ती उभी राहील अशी ठेवावी. आमच्या गाडीच्या डिकीतला २०१९ सालचा डाग अजून गेलेला नाही. आणि एक दुरुस्ती. घाटवाट सरांनी मिरची दोन किलो सांगितली आहे. आमच्याकडच्या कोणत्याही बाईला विचारावे, ती पाच सांगेल.

संकेश्वरची सून

काल आरवलीजवळ एका घरात दोन खोल्या ठरवल्या. घरमालकीणबाईंना माळकरी म्हटल्यावर त्यांनी खरोखरच पहिला प्रश्न तव्याचा विचारला. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला तो आम्ही कुठल्या, हा. संकेश्वर म्हटल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि मिरचीचा यंदाचा भाव विचारू लागल्या. सासूबाईंनी माझ्या हातातून दूरध्वनी घेतला, आणि दोघी पंधरा मिनिटे मिरची, जाडे मीठ आणि गुडघेदुखी यांविषयी बोलत होत्या. मुलगा शेजारी बसून माझ्या वहीत बेत लिहून घेत होता, त्यातली गावांची नावे त्याने अर्धी मराठीत आणि अर्धी कन्नडमध्ये लिहिली आहेत.

मिरची पाच किलो ठरली आहे. सासूबाईंनी आज सकाळपासून अंगणात बसून तिचे देठ काढायला घेतले आहेत.